कुहीचा सूर्यास्त मुंबईच्या आधी

चौविहाराचे पच्चक्खाण पाळणाऱ्या घरात सायंकाळचे शेवटचे पाणी केव्हा घ्यायचे, हे पुष्कळदा भिंतीवरच्या कॅलेंडरातील सूर्यास्ताच्या आकड्यावर ठरते. तो आकडा मुंबईचा असेल, तर नागपूर जिल्ह्यातील कुहीत व्रताला नकळत दोष लागतो. कुही ७९ पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे आहे, मुंबई ७३च्या अलीकडे. एक अंश वळण्यास पृथ्वीला चार मिनिटे लागतात. म्हणून कुहीत सूर्य सुमारे २६ मिनिटे आधी मावळतो. अक्षांशातील फरकामुळे हे अंतर डिसेंबरात अर्ध्या तासाच्या घरात जाते आणि जूनमध्ये बावीस मिनिटांवर येते. २१ डिसेंबरला मुंबईत सूर्य सहानंतर मावळतो, कुहीत पावणेसहाच्या आधीच. सकाळची नवकारसी मुंबईच्या वेळेने पाळली तर व्रत अबाधित राहते, नुकसान काय ते पोटाचे!

ही गोष्ट आकड्यांपेक्षा डोळ्यांनी लवकर पटते. स्टेलेरियम हे संगणकावरील आकाशदर्शनाचे साधन विनामूल्य आहे. एफ-६ ही कळ दाबली की स्थळाची चौकट उघडते. तीत कुहीचे अक्षांश-रेखांश भरावेत, वेळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे ना ते पाहावे आणि सूर्यावर टिचकी द्यावी. त्या दिवसाच्या उदयास्ताच्या वेळा बाजूला दिसतात.

मुलांना खरी मौज वाटते ती पुढे. त्याच चौकटीत पृथ्वीऐवजी चंद्र निवडावा, तारीख शुक्ल अष्टमीची आणि वेळ सायंकाळची ठेवावी. मग पृथ्वी शोधून जवळ आणावी. त्या तिथीला सायंकाळी चंद्र आपल्या माथ्याजवळ असतो. म्हणून चंद्रावरून भारत पृथ्वीच्या अर्धउजळ बिंबाच्या जवळजवळ मध्यावर दिसतो. ‘एल’ कळीने काळाचा वेग वाढवला की रात्रीची कड बंगालवरून सरकत विदर्भावर येते आणि कोकणपट्टी अजून उन्हात असते. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरात अष्टमीचा हा अर्थ मुलांना एरवी कुणी सांगत नाही. ‘सौरमंडळ-निरीक्षक’ हे स्थान निवडले, तर सूर्याभोवती फिरणारे ग्रह बाहेरून पाहता येतात.

येथे एखादे चौकस मूल विचारीलच, की सूर्यप्रज्ञप्तीत तर जंबूद्वीपावर मेरूभोवती फिरणारे दोन सूर्य सांगितले आहेत, मग येथे एकच कसा? हा प्रश्न दटावून बंद करू नये. आगमातील विश्ववर्णन आणि दुर्बिणीने घडवलेले चित्र एकमेकांत बसवण्याची ओढाताण मला तरी अनाठायी वाटते. दोन्ही त्याला सरळ सांगावीत. रात्रिभोजनत्यागाला त्या वादाचा निकाल लागत नाही. त्याला लागतो आपल्या गावचा सूर्यास्त.

दर पंधरवड्याला कुहीची वेळ कागदावर लिहून तो स्वयंपाकघरात लावावा. पडद्यावरची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. पश्चिमेला झाडी असेल तर सूर्य त्याआधीच दिसेनासा होतो. तेव्हा पाच-सात मिनिटे हाताशी ठेवूनच ताट वाढावे.