पात्स्येंत आणि पेशंट

पोलंडमधल्या दवाखान्यात रुग्णाला ‘पात्स्येंत’ म्हणतात. आपण रोज उच्चारतो त्या ‘पेशंट’चा हा भाऊच. दोघेही लॅटिन ‘पातिएन्स’चे वंशज. सोसणं या अर्थाच्या क्रियापदाचं हे वर्तमानकालवाचक धातुसाधित, अर्थ ‘सोसणारा’. त्यात आजाराचं नावही नाही.

‘पातिएन्स’च्या शेवटी ‘त’ नाही, मग पोलिशमध्ये तो आला कुठून? लॅटिनमध्ये विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्दाचं खरं अंग दिसतं: ‘पातिएन्तिस’, ‘पातिएन्तेम’. पोलिशने उचललं ते हे अंग. संस्कृत शिकलेल्यांना ही चाल ठाऊक आहे: प्रथमेत ‘गच्छन्’, द्वितीयेत ‘गच्छन्तम्’. हा योगायोग नाही. दोन्हीकडचा ‘न्त’ एकाच आदिम इंडो-युरोपीय भाषेतून आलेला आहे.

मधला ‘त्स’ मात्र नंतरचा. रोमन वक्ता सिसेरोच्या काळात ‘ति’ स्वच्छ ‘ति’च होता, मध्ययुगापर्यंत, पुढे स्वर असेल तिथे, त्याचा ‘त्सि’ झाला. ९६६ मध्ये पोलंडचा शासक मिएश्को याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तिथे पोचलेली लॅटिन ही अशी बदललेली होती. १३६४ मध्ये क्राकूवला विद्यापीठ निघालं, तेही लॅटिनमध्येच शिकवणारं. स्तुदेंत, दोत्सेंत, प्रेझिदेंत हे पोलिश शब्दही याच ‘न्त’च्या साच्यातले.

उसन्या शब्दाला पोलिशने आपलं व्याकरण लावलं. लॅटिनमध्ये स्त्री असो वा पुरुष, रूप एकच, ‘पातिएन्स’. पोलिश स्त्री-रुग्ण मात्र ‘पात्स्येंत्का’.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पोलिशचा घरचा शब्द. ‘सोसणारा’ याला पोलिशमध्ये ‘चेर्प्योंत्सी’ म्हणतात. त्यातला ‘ओंत्स’ म्हणजे स्लाव्ह पूर्वजांकडून वारशाने आलेला तोच ‘न्त’! त्यातला ‘न’ आधीच्या स्वरात मुरून स्वर नाकातला झाला (लिहिताना त्या अक्षराला खाली छोटी शेपटी काढतात), आणि ‘त’चा ‘त्स’ झाला. जो प्रत्यय घरात होताच, तोच लॅटिनकडून पुन्हा उसना आला आणि आज दोन्ही रूपं एकाच भाषेत शेजारी नांदतात.

मराठीतही तेच घडलंय. ‘पेशंट’मधला ‘न्ट’ फ्रेंच-इंग्रजीची वळणं घेत आला. ‘संत’मधला ‘न्त’ संस्कृतातून, ‘अस्’ धातूच्या धातुसाधितातून आला. मूळ अर्थ ‘असणारा’. आणि ‘करत’, ‘जाता जाता’ यांतला ‘त’ही प्राकृतातून झिजत आलेला तोच ‘न्त’.