धातूची सूक्ष्मरचना आणि त्रिमितीय मुद्रण
धातूचे बळ केवळ घटकद्रव्यांवर नव्हे, तर स्फटिककणांच्या मांडणीवरही अवलंबून असते. ट्रेसा पोलॉक यांच्या अध्यापकीय कारकिर्दीचा हाच गाभा होय. १९८९ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट मिळविल्यानंतर त्यांनी विमान-इंजिनांच्या पात्यांसाठी लागणाऱ्या, उच्च तापमान सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूंचा दीर्घ अभ्यास केला. त्रिमितीय मुद्रणात धातूची भुकटी लेसर वा इलेक्ट्रॉन शलाकेने थराथराने वितळते व क्षणार्धात गोठते. त्या वेळी निर्माण होणाऱ्या ताणांमुळे अशा अनेक मिश्रधातूंना तडे जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील त्यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २०२० मध्ये तडे टाळणारा कोबाल्ट-निकेल मिश्रधातू मांडला. यंत्राऐवजी मिश्रधातूच बदलण्यामागे सूक्ष्मरचनेचा तोच जुना व्यासंग होता. मूलभूत संशोधनाचे मोल तात्कालिक उपयोगावरून ठरविणे म्हणूनच उचित नव्हे.