एकटीनं उडवायचा समुद्रावरचा पतंग

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गोव्याला जाणं झालं, तर दुपारनंतर मोरजीच्या किनाऱ्यावर एक चक्कर जरूर मारा. शापोरा नदी समुद्राला मिळते त्या बाजूला वारा वाढला, की भल्यामोठ्या रंगीत पतंगांच्या जोरावर फळीवरून लाटा कापणारी मंडळी दिसतात. हेच ते काइटसर्फिंग. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला, आणि त्यात बायकांच्या स्वतंत्र शर्यतीही होत्या.

तिथं एखादी मुलगी एकटीच पतंग चढवण्याच्या खटपटीत दिसली, की आपल्याला राहवत नाही. "अहो, जा ना, जरा धरा तिचा पतंग!" असं आपण ह्यांना सांगतो. ती मात्र हसून "नको" म्हणते. मैत्रिणींनो, हा तिचा शिष्टपणा नव्हे बरं! संक्रांतीला गच्चीवर पतंग धरून उभं राहणं निराळं. हा पतंग सात ते बारा चौरस मीटरचा. मोठा म्हणजे डबल बेडच्या दोन चादरी जोडल्याएवढा. दोऱ्या वीस-पंचवीस मीटर लांब, आणि त्या तिच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या. न शिकलेल्या माणसानं तो भलत्या बाजूला धरला किंवा अवेळी सोडला, तर ती क्षणात फरफटत जाईल. त्यापेक्षा वाळूची मदत बरी.

वाळूची मदत कशी, ते सांगते. या पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी असते. (ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये याचं पेटंट घेतलं, नळीमुळे पतंग पाण्यात पडला तरी तरंगतो.) आधी पतंग पालथा ठेवायचा, नळी वाऱ्याकडे, आणि कापडावर भरपूर वाळू. मग प्रत्येक दोरी बोटांतून सोडत टोकापर्यंत चालत जायचं. एक जरी दोरी उलटी जोडली गेली, तर पतंग उठताक्षणी गरगर फिरून आपटतो. घाई नडते ती इथंच. पतंगाचा जोर झटक्यात तोडणारी कळही आधीच चालवून बघायची.

आता पतंग एका कुशीवर उभा करायचा, जमिनीकडचं टोक आत दुमडायचं आणि त्या घडीवर वाळू टाकायची. उभं कुठं राहायचं, यात सगळं आलं. वारा पाठीवर घेतला, तर पतंग समोर नको. अगदी बाजूला, जवळजवळ खांद्याच्या रेषेत हवा. समोर असला की तो सगळ्या ताकदीनिशी ओढतो. दोऱ्या पट्ट्याला अडकवून मग पावलापावलानं मागं सरकायचं. कापड नुसतं फडफडत असेल, तर आणखी थोडं मागं. ते ताठ झालं की घडी सुटते, वाळू घसरते आणि पतंग हळूच उठतो. उठण्याआधीच जोराची ओढ लागली, तर विचार करत बसायचं नाही, कळ ढकलून मोकळं व्हायचं.

पतंग वर गेला तरी तो बाजूला, कमी उंचीवरच ठेवून तडक पाणी गाठायचं. डोक्यावर आणून वाळूत गप्पा मारत उभं राहणाऱ्यांना एखादा झोत चक्क उचलून नेतो.

नवशिकीनं हे एकटीनं करूच नये. वारा झोतांनी येत असेल, जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, किंवा वारा जातो त्या बाजूला माणसं, होड्या, खडक असतील, तर अनुभवी मुलीसुद्धा माहीतगार जोडीदाराची वाट पाहतात. तो नाही आला तर पतंग गुंडाळून घरी जातात.

आणि आपण? मुलांना किल्ला करायचा असेल, तर तो तिच्या मागं, वारा येतो त्या बाजूला करू द्या. दोऱ्या वाळूत चटकन दिसत नाहीत, त्या ओलांडू देऊ नका. मदत करायचीच असेल, तर पुढून येणाऱ्या मंडळींना जरा लांबून जायला सांगा. त्याला ती नको म्हणायची नाही.