पंचाहत्तर सेंटांच्या तबकडीतले दोन सेंट

डिसेंबर २००६मध्ये ‘ड्रीमगर्ल्स’ हा तीन गायिकांच्या गटावरचा चित्रपट पहिल्यांदा लागला तो न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकेका थिएटरात. तिकीट २५ डॉलर. साठच्या दशकात तेवढ्या पैशांत पंचाहत्तर सेंटवाल्या तेहतीस तबकड्या घरी आल्या असत्या. आणि त्या तेहतीस तबकड्यांवर गाणाऱ्या तिघींना, तिघींत मिळून, सदुसष्ट सेंट.

चित्रपटातल्या तिघी काल्पनिक असल्या तरी त्यांच्यामागे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा ‘द सुप्रीम्स’ हा गट आहे, हे कुणीही ओळखेल. सुप्रीम्सचा करार किरकोळ किमतीच्या ९० टक्क्यांवर ३ टक्क्यांचा होता, आणि त्या किमतीतूनही कर आणि पाकिटाचा खर्च आधी वजा व्हायचा. पंचाहत्तर सेंटांवर हिशेब मांडला तर एका तबकडीमागे दोन सेंटांहून किंचित जास्त. दहा लाख प्रती खपल्या तर २०,२५० डॉलर, म्हणजे प्रत्येकीला ६,७५०. त्यातूनच ध्वनिमुद्रणाचा खर्चही वळता व्हायचा! दहा लाखांचा खप हे तेव्हा मोठं यश होतं, हे लक्षात ठेवून हा आकडा पुन्हा वाचावा.

आता याच वहीचं दुसरं पान. बेरी गॉर्डी मोटारींच्या कारखान्यात काम केलेला माणूस. १९५९मध्ये त्याने कुटुंबाच्या सामायिक निधीतून ८०० डॉलर कर्ज काढलं आणि मोटाउन कंपनी सुरू केली. पुढे वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका घरात तिचा स्टुडिओ उभा राहिला. सुप्रीम्सची एकट्यांचीच १२ गाणी १९६४ ते १९६९ या काळात अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, त्यांतली पाच तर ओळीने. १९८८मध्ये गॉर्डीने मोटाउन ६ कोटी १० लाख डॉलरला विकली. आठशेचे ७६,२५० पट झाले.

पण खरी मेख इथे नाही. गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क, म्हणजे शब्द आणि चाल यांची मालकी, त्याने ‘जोबेट’ या वेगळ्या कंपनीत राखून ठेवले होते. १९९७मध्ये त्यातला निम्मा वाटा ईएमआय या संगीत कंपनीने १३ कोटी २० लाख डॉलरला घेतला. मधल्या नऊ वर्षांची महागाई धरली तरी निम्म्या जोबेटचा भाव अख्ख्या मोटाउनहून वरचा. तबकडीवरचा आवाज कितीही लाडका असो, हा पैसा कागदावरच्या गाण्याचा होता, आणि त्या कागदावर गाणारणींचं नाव नव्हतं.

सुप्रीम्समधल्या फ्लॉरेन्स बॅलर्डचंही नव्हतं. बारापैकी पहिल्या दहा गाण्यांच्या काळात ती गटात होती. १९६७मध्ये तिला बाहेर काढलं गेलं, आणि पुढच्या वर्षी तडजोडीत १,३९,८०४ डॉलर ९४ सेंट मिळाले. (ते ९४ सेंट मोजणाऱ्या हिशेबनिसाला दाद द्यावी की काय!) १९७१मध्ये तिने मोटाउनवर ८७ लाख डॉलरचा दावा लावला, तो फेटाळला गेला. मग सरकारी मदतीवर दिवस. १९७६मध्ये ती गेली तेव्हा ३२ वर्षांची होती.

चित्रपटाने एफी या तिच्यासारख्या पात्राला मात्र न्याय दिला: गॉर्डीची आठवण करून देणाऱ्या कंपनी-मालकाची लबाडी उघड होते, तिचं गाणं देशभर वाजतं. ७८२ जणींना मागे टाकून ही भूमिका मिळवणाऱ्या जेनिफर हडसनने ऑस्करही नेलं. ‘सर्वोत्कृष्ट गाणं’ या विभागातल्या पाचपैकी तीन नामांकनं याच चित्रपटाची होती आणि तिन्ही हरली, हा हिशेबही मजेशीरच.

फेब्रुवारी २००७मध्ये निर्मात्यांनी चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकांत जाहिरात देऊन गॉर्डी आणि मोटाउनची माफी मागितली. काल्पनिक कथा खरी समजली जातेय, याबद्दल. मला यात थोडी गंमत वाटते, कारण चित्रपटाची जगभरातली कमाई साडेपंधरा कोटी डॉलरच्या आसपास गेली. मोटाउन विकून गॉर्डीला मिळाले त्याच्या अडीचपट.