सात इंच तीन सूत

आमच्या जिन्यावर नवा माणूस दोनदा अडखळायचा. चढताना अगदी पहिल्या पायरीला आणि वर पोचता पोचता शेवटच्या. घरच्यांच्या पायांना ती खोट पाठ झाली होती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एका पावसाळ्यात संध्याकाळी दिवे गेले असताना आई खाली उतरत होती. तळाच्या पायरीवर तिचा पाय जिथे जमीन असायला हवी तिथे पोचला आणि तिथे जमीन नव्हती. दीड इंच खाली होती. घोट्याला प्लास्टर पडलं, आणि जिना व त्यापुढचा पॅसेज नीट करायचाच, असं ठरलं.

घर मुलुंड पश्चिमेचं, पाच रस्त्याच्या अलीकडचं. क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी १९२२ साली मुलुंड स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतची काटकोनी आखणी केली. तिच्यातल्या एका गल्लीत आजोबांनी हे एकमजली घर बांधलं. आजूबाजूची अशी बहुतेक घरं टॉवरमध्ये गेली. जी उरली आहेत त्यांच्यात दुखणं साधारण सारखंच असतं: दारातून आत आलं की अरुंद पॅसेज, उजव्या हाताला ओल आलेली भिंत, आणि पुढे जिना.

आधी जिन्याचं गणित सांगते, कारण सगळी दुरुस्ती त्याच्याभोवती फिरते. आपण पायऱ्या बघून चढत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंची मोजून घेतो आणि पुढे त्याच मापाने पडत राहतो. त्यामुळे पायरी थोडी उंच किंवा बुटकी असली तरी चालतं, पण शेजारणीपेक्षा वेगळी असली की पाय फसतो. अर्धा इंचसुद्धा पुरतो.

आमच्या पॅसेजच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत अंतर ११ फूट पाऊण इंच, म्हणजे १३२ इंच ६ सूत. मुंबईत गवंडी आणि सुतार अजून इंच-सुतातच बोलतात. ८ सूत म्हणजे १ इंच. या उंचीत १८ चढ आहेत. भागाकार केला की प्रत्येक चढाला ७ इंच ३ सूत येतात, आजोबांच्या गवंड्याने बांधलेले नेमके तेवढेच असणार. पाय ठेवायची जागा १० इंच. दोन चढ अधिक एक पायरीची रुंदी यांची बेरीज २४-२५ इंचांच्या आसपास आली की चाल सुखाची होते, हा ठोकताळा १७व्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुविशारदाचा. आमची बेरीज पावणेपंचवीस. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घरासाठी चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पायरी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. आमचा चढ १८७, पायरी २५४. मूळ जिना उत्तम होता.

मग बिघडला कुठे? नव्वदच्या दशकात घरात एक काम झालं होतं. त्या वेळच्या ठेकेदाराने मोझॅकच्या पायऱ्यांवर थेट संगमरवर चढवला. दगड आणि खालचा माल मिळून दीड इंच. मधल्या पायऱ्यांना काही झालं नाही, कारण सगळ्या सारख्याच वर गेल्या. पण खाली पॅसेजची फरशी होती तिथेच राहिली, म्हणून पहिला चढ ८ इंच ७ सूत झाला. वरच्या मजल्याची फरशीही होती तिथेच, म्हणून शेवटचा चढ ५ इंच ७ सुतांवर आला. दोघांत ३ इंचांचा फरक. जिन्यावर नवीन दगड चढवायचा असेल तर हा हिशेब काम सुरू होण्याआधी मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या. पुष्कळ घरांत नेमकी हीच चूक झालेली मी पाहिली आहे, आणि जिना दिसायला देखणा असल्यामुळे दोष पडणाऱ्या माणसाच्या वयाला दिला जातो.

पॅसेजची गोष्ट याच हिशेबात येते. उपनगरांत रस्ता दर डांबरीकरणात, काँक्रिटीकरणात वर चढतो आणि जुन्या घरांचं जोतं आहे तिथेच राहतं. आमच्या दारातून उतरायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, आता एक आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर उपनगरांतल्या तळमजल्यावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार असतो: फरशी वर घ्या. आम्हालाही पॅसेज ३ इंच उचलण्याचा सल्ला मिळाला. पण संगमरवर काढून पॅसेज ३ इंच उचलला की पहिला चढ ४ इंच ३ सूत उरतो, आणि तो सावरायचा तर अठराच्या अठरा चढ नव्याने बांधायचे. शिवाय दरवाजे खालून कापायचे, चौकटी बुटक्या करायच्या. आम्ही फरशी होती तिथेच ठेवली. दारात ४ इंचांचा दगडी उंबरठा घेतला, बाहेरच्या ओट्याला उतार दिला आणि त्यापुढे जाळीचं गटार काढलं.

कामाचा क्रम मात्र जिन्यापासून सुरू होत नाही. तो ओलीपासून सुरू होतो. पॅसेजच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल होती, गिलाव्याला पांढरा खार फुटला होता. वीट पाणी खालून वर ओढते, वात तेल ओढते तशी. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर सुकून रंगाचे पापुद्रे काढतात. हे थांबवण्यासाठी जोत्यावर ओल अडवणारा थर असतो. आमच्याकडे तो होता, पण अंगणात भराव घालून पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा बाहेरची जमीन त्या थराच्या वर गेली आणि ओलीने त्याला वळसा घातला. पुढे कुणीतरी त्या भिंतीला ऑइल पेंट मारला. मग पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही, ते आणखी वर चढलं.

उपाय सोपा आहे, पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ ठेकेदार देत नाही. भिंतीलगतचे ब्लॉक काढून अंगण फूटभर रुंदीत खाली नेलं. ओलीच्या रेषेच्या वर एक फूटभर जाऊन गिलावा विटेपर्यंत काढला, सांधे खरवडले, आणि भिंत दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत उघडी ठेवली. ते अडीच महिने पाहुण्यांना उघड्या विटा दाखवायला संकोच वाटला. त्यानंतर चुना मिसळलेला गिलावा आणि वर श्वास घेणारा रंग. अशा भिंतीला पीओपी, प्लायचं पॅनेल किंवा ऑइल पेंट लावू नका. ओल झाकली जाते, जात नाही.

याच सुमारास जिन्याची पाठ तपासली. जिन्याखालच्या कोनाड्यात चपला, गॅसचं रिकामं सिलिंडर, गणपतीच्या मखराचे खोके असं सगळं असतं, म्हणून तिरक्या स्लॅबची खालची बाजू वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. लहान हातोडीने ठोकत जायचं. टणत्कार आला तर काँक्रीट धड आहे. बद्द आवाज आला तर आत गज गंजलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो, म्हणून आतून दाबून काँक्रीटचे पोपडे पाडतो. आमच्याकडे दोन ठिकाणी बद्द आवाज आला. सैल काँक्रीट काढून, गज तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमरच्या मालाने भरलं. गज बारीक झालेला दिसला तर मात्र गवंड्यावर सोडू नये, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. तसंही ३० वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिकेच्या कायद्यानेच सांगितली आहे. फरशी, गिलावा, रंग ही साधी दुरुस्ती झाली. जिन्याची दिशा फिरवणं किंवा भार घेणारी भिंत तोडणं यांना रीतसर परवानगी लागते.

वायरिंग गिलाव्याच्या आधी. जुन्या घरात जिन्याच्या दिव्याचं बटण बहुधा खालीच असतं, म्हणजे वरून उतरणारा अंधारात उतरतो. टू-वे स्विच लावले की खालच्या आणि वरच्या बटणांमध्ये दोन तारा धावतात. दोन्ही बटणं एकाच तारेवर आली की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर गेली की विझतो. त्यामुळे कुठल्याही टोकाचं बटण दिव्याची अवस्था पालटतं. हे काम एका दिवसाचं. भिंतीत तारांसाठी खाच मारायची ती उभी मारा. आडवी लांब खाच विटांच्या भिंतीला कमजोर करते.

मग जिना. संगमरवर निघाला आणि खालचं मोझॅक दिसलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. नव्या दगडाला पकड मिळावी म्हणून त्यावर छिन्नीने टोचे मारले होते. ते वाचण्यासारखं नव्हतं. भारत टाइल्ससारख्या मुंबईच्या कंपन्या १९२०च्या दशकापासून सिमेंटच्या फरश्या बनवत आल्या आहेत, आणि त्या काळच्या फरशीला नुसतं मशीनने घासून पॉलिश केलं तरी ती पुन्हा उभी राहते. तुमच्या पायऱ्यांवर जुनं मोझॅक शाबूत असेल तर त्यावर काही चढवू नका. घासा. उंची बदलत नाही, खर्चही कमी. आमच्या वरच्या मजल्याचं मोझॅक असंच घासून घेतलं.

पायऱ्यांना कोटा घेतला. राजस्थानातल्या कोट्याकडचा हा चुनखडीचा दगड, आरशासारखा चकचकीत न करता घेतला तर ओल्या पायाला धरून ठेवतो. पावसात भिजून आलेला माणूस याच जिन्यावर चढणार असतो, म्हणून गुळगुळीत ग्रॅनाइट नको म्हटलं. काळा कडप्पाही नको, कारण कमी उजेडात त्याची कड दिसत नाही. मोझॅक आणि त्याखालचा माल काढल्यावर जेवढी जागा मिळाली, तेवढ्यातच कोटा आणि त्याचा माल बसवायचा, पावणेदोन इंच, एक सूतही जास्त नाही.

मिस्त्री पहिल्या दिवशी दगडाला हात लावेना. त्याने सागाची एक सरळ पट्टी आणली, ओळंब्याने भिंतीलगत उभी केली आणि पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन खालच्या फरशीची व वरच्या फरशीची खूण तिच्यावर केली. मग पट्टी आडवी ठेवून कंपासाने अठरा टप्पे टाकत गेला. शेवटचा टप्पा खुणेच्या थोडा पुढे पडला. त्याने कंपास केसभर मिटला, सगळ्या खुणा पुसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून चालत गेला. तिसऱ्या खेपेला टोक बरोबर रेषेवर टेकलं. “ताई, आता फूटपट्टी नको. ही पट्टीच बोलेल,” तो म्हणाला. त्या खुणा भिंतीवर उतरल्या आणि प्रत्येक पायरी आपल्या खुणेला जुळवूनच बसली. दोन पायऱ्यांचं जुनं काँक्रीट वर आलेलं निघालं, ते छिन्नीने उतरवावं लागलं.

दगड खालून वर बसतो: आधी उभा तुकडा, मग त्याच्यावर आडवा, पाऊण इंच पुढे काढून. त्याहून जास्त पुढे काढलं तर चढताना बोटं अडकतात. कडेला हाफ राउंड, आणि कडेपासून इंचभर आत तीन खाचा. ठोकून पाहायचं, पोकळ वाजला की काढून पुन्हा बसवायचा. या दिवसांत वरच्या माणसांनी खाली झोपायचं. पायरीवर फळी टाकून ये-जा करायचा मोह टाळा.

कठडा सागवानी, साठेक वर्षांचा, त्यावर ऑइल पेंटचे कितीतरी थर. भंगारवाला घ्यायला तयार होता. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७पासून लागू झाली. म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी लावून घासायचं, आणि लहान मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवायचं. आतून लाकूड मधासारखं निघालं. लाखेचं पॉलिश हाताच्या घामाने आणि पावसाळी हवेने पांढुरकं पडतं, म्हणून कठड्याला पीयूचं (पॉलियुरेथेनचं) पॉलिश दिलं. भिंतीच्या बाजूने आईसाठी दुसरा दांडा लावला, पायरीच्या कडेपासून ३ फूट उंच, भिंतीपासून २ इंच दूर, म्हणजे मूठ पूर्ण वळते.

शेवटचा हप्ता देण्याआधी मी आणि मिस्त्रीने अठराही चढ पुन्हा मोजले. तो माप सांगत होता, मी वहीत लिहीत होते. सोळा ठिकाणी सात-तीन. अकराव्याला सात-चार, बाराव्याला सात-दोन.