परक्यासाठी घातलेला टाका

१२ जून २०१६ च्या पहाटे अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहरात ‘पल्स’ नावाच्या नाइटक्लबमध्ये एका बंदूकधाऱ्याने ४९ माणसं मारली. समलैंगिक तरुण-तरुणींना मोकळेपणाने वावरता येईल असं ते ठिकाण होतं. शहर अजून सावरलंही नव्हतं, तेव्हा तिथल्या एका शिवणमंडळाने, ऑर्लँडो मॉडर्न क्विल्ट गिल्डने, सुईदोरा हाती असलेल्या सगळ्यांना आवाहन केलं: इंद्रधनुष्याच्या रंगांतलं एक कापडी हृदय शिवा आणि आमच्याकडे पाठवा. अमेरिकेतूनच नव्हे, परदेशांतूनही पाकिटं येऊ लागली. कुणी एक तुकडा पाठवला, कुणी दहा, कुणी अख्खं क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून शिवलेलं पांघरूण. गिल्डच्या सभासदांनी आणि मदतीला आलेल्या इतरांनी ते तुकडे जोडले, अस्तर लावलं, टाके घातले आणि हजाराहून अधिक क्विल्टं तयार केली. ती गेली हल्ल्यातून वाचलेल्यांकडे, मेलेल्यांच्या घरच्यांकडे आणि त्या रात्री धावून गेलेल्या पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय कर्मचाऱ्यांकडे.

एका शहरातलं हौशी मंडळ हे करू कसं शकलं? नुसत्या सद्भावनेने हजार पांघरुणं तयार होत नाहीत. त्यासाठी आधीपासून घडी बसलेली एक व्यवस्था लागते. मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही ती व्यवस्था आहे.

या चळवळीचं वय फार नाही. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसमध्ये अलिसा हेट कार्लटन आणि लतिफा साफिर या दोघींनी पहिलं मंडळ सुरू केलं. तोवर नव्या धाटणीची क्विल्टं करणाऱ्या बायका इंटरनेटवर एकमेकींची कामं पाहत होत्या, दाद देत होत्या; पण एका खोलीत, एका टेबलाभोवती बसत नव्हत्या. गावोगावची जुनी क्विल्ट मंडळं होती, तिथे पारंपरिक नमुन्यांचा दबदबा असे. लॉस एंजेलिसची बातमी पसरली आणि काही महिन्यांत इतर शहरांनीही आपापली मंडळं काढली. पुढे या सगळ्यांची मिळून ‘द मॉडर्न क्विल्ट गिल्ड’ ही ना-नफा मध्यवर्ती संस्था झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात तिचं पहिलं मोठं प्रदर्शन-संमेलन भरलं, त्याचं नाव क्विल्टकॉन. आज दोनशेच्या आसपास स्थानिक मंडळं तिच्याशी जोडलेली आहेत.

‘मॉडर्न’ म्हणजे काय, हे संस्थेने स्वतःच सांगून ठेवलं आहे. ठळक रंग, एकमेकांना छेद देणाऱ्या छटा, भरपूर साधं कापड, कमीत कमी आकार आणि मोकळी सोडलेली मोठी जागा. ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, नेहमीच्या चौकटीत ओळीने न बसवता इकडेतिकडे सरकवणं. मोजपट्टीने आखून न घेता, कात्री जाईल तसं कापून हाताच्या अंदाजाने जोडत जाणं. आणि जुना नमुना घेऊन तो नव्या रंगात, बदललेल्या प्रमाणात पुन्हा मांडणं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमध्ये कोपऱ्यात एकच केशरी तुकडा असलेलं क्विल्ट भिंतीवर पाहिलं तर कुणालाही ते आधुनिक चित्र वाटेल.

हे सगळं २००९ साली आकाशातून पडलं नाही. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणात गीज् बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. गुलामीत राबलेल्यांचे वंशज तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि तिथल्या कितीतरी जणींचं आडनाव आजही जुन्या मळेवाल्याचंच, पेटवे, आहे. या बायकांनी झिजलेल्या कामाच्या पँटी, पिठाची पोती, जुने सदरे फाडून थंडीसाठी पांघरुणं शिवली. नमुना छापील नव्हता. हाती आलेल्या तुकड्याने पुढची दिशा ठरवायची. १९६६ मध्ये त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था निघाली आणि नागरी हक्कांच्या लढ्याच्या त्या दिवसांत अनेकींच्या हाती स्वतःची कमाई आली. २००२ मध्ये ही क्विल्टं ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागली. २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. आज शहरी गिल्डमधली एखादी सभासद नव्याकोऱ्या कापडातून जे ‘मुक्त’ शिवते, ते मुळात या बायकांनी गरजेपोटी शोधलेलं आहे. गिल्डच्या प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्याच बैठकीत हे सांगितलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

स्थानिक गिल्डचं रोजचं जगणं साधं असतं. महिन्यातून एक बैठक, बहुधा ग्रंथालयाच्या, चर्चच्या किंवा एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत. वर्षाची माफक वर्गणी. सुरुवातीला हिशेब आणि सूचना, मग कुणाचं तरी प्रात्यक्षिक, आणि शेवटी सगळ्यांना प्रिय असलेला भाग: प्रत्येकीने आपलं काम उभं धरायचं आणि त्याबद्दल दोन शब्द बोलायचे. अर्धवट राहिलेलं चालतं, चुकलेलंही चालतं. अधूनमधून दिवसभराचं सामूहिक शिवण असतं. यंत्रं, इस्त्र्या, कापायच्या चटया घेऊन सगळ्या येतात आणि संध्याकाळपर्यंत खोलीत दोऱ्यांचे पुंजके साचतात. कुणी बाहेरून शिक्षिका बोलावतं, कुणी कापडांची अदलाबदल ठरवतं. पुरुष सभासद असतात, पण थोडे.

या सगळ्यात मला सर्वांत रस आहे तो अनेक हातांनी मिळून एक वस्तू करण्याच्या रीतीत.

क्विल्टचे तीन थर: वरचं जोडकापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर. तिन्ही थर टाचण्यांनी किंवा कच्च्या टाक्यांनी धरायचे, मग आरपार शिवण घालून एकजीव करायचे आणि शेवटी कडेने गोट लावायचा. वरच्या थराचे तुकडे जोडताना बहुतेक ठिकाणी एकच माप पाळलं जातं, कडेपासून पाव इंच. साडेबारा इंचांचा ब्लॉक चारही बाजूंनी जोडला गेला की बारा इंचांचा उरतो. एकटीने शिवताना पाव इंच थोडं चुकलं तरी सगळीकडे सारखंच चुकतं आणि निभावतं. पण तीस जणींनी तीस घरांत बसून ब्लॉक शिवले, की कुणाची शिवण दोऱ्याएवढी आत असते, कुणाची बाहेर. कुणाची इस्त्री कापड ताणते. एका ब्लॉकात आठ जोड असतील आणि प्रत्येकात सुताएवढा फरक पडला, तर बारा इंचांचा ब्लॉक पाऊण-एक इंचाने लहानमोठा होतो. मग टोकाला टोक जुळत नाही आणि जोडणारीच्या डोळ्यांत पाणी येतं.

जुन्या पद्धतीच्या मंडळांत यावर उपाय म्हणजे कडक नियम आणि परतवलेले ब्लॉक. आधुनिक धाटणीने वेगळी वाट काढली. ब्लॉक लहान आला? त्याच्या कडेला साध्या कापडाची पट्टी जोडा आणि हव्या त्या मापावर कापा. ओळ जुळत नाही? ओळच मोडा, ब्लॉक मोकळ्या जागेत तरंगू द्या. ज्या मोकळ्या जागेला समीक्षक सौंदर्यदृष्टी म्हणतात, तीच समूहाच्या शिवणकामात नवशिक्या हाताला सामावून घेते. मला या शैलीचं खरं मोठेपण इथे दिसतं. तिच्यात काल यंत्र शिकलेली मुलगी आणि चाळीस वर्षं शिवणारी आजी एकाच क्विल्टमध्ये मावतात, आणि कुणालाही मान खाली घालावी लागत नाही.

२०१३ च्या जूनमध्ये कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात महापूर आला, कॅलगरी शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. तिथल्या क्विल्टकार शेरिल आर्किसन यांनी लोकांकडे मागितले ते ‘स्लॅब’: एकाच रंगाच्या निरनिराळ्या चिंध्या अंदाजाने जोडून केलेला ब्लॉक. निळ्यात निळे, पिवळ्यात पिवळे. नमुना नाही, टोकं जुळवणं नाही, नवं कापड विकत घेणं नाही. शिवणाऱ्या घरात चिंध्यांची टोपली असतेच. फक्त शेवटी ठरलेल्या मापाचा चौकोन कापून द्यायचा. असे चौकोन कुठूनही आले तरी एकमेकांशेजारी शोभतात. पूरग्रस्त कुटुंबांसाठीची क्विल्टं त्यांतून उभी राहिली. संकटाच्या वेळी काय मागावं आणि कसं मागावं, याचा हा वस्तुपाठ आहे. ऑर्लँडोच्या गिल्डनेही हृदयाचा आकार असाच सोपा निवडला होता. डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘थॉमस फायर’ नावाच्या वणव्याने शेकडो घरं जाळली, तेव्हा व्हेंचुराच्या मॉडर्न क्विल्ट गिल्डने बेघर झालेल्या कुटुंबांसाठी क्विल्टं गोळा केली.

आपत्ती नसते तेव्हाही हात थांबत नाहीत. अनेक मंडळं रुग्णालयांतल्या नवजात अतिदक्षता विभागांसाठी इवली क्विल्टं शिवतात, दत्तक-पालक व्यवस्थेतल्या मुलांना आणि आसरागृहांतल्या बायकांना पांघरुणं देतात. २०२० च्या महामारीत घट्ट विणीचं सुती कापड, इलॅस्टिक आणि रिकामी यंत्रं या बायकांच्या घरी तयारच होती. ज्या आठवड्यांत मुखपट्ट्या दुकानांत मिळत नव्हत्या, त्या आठवड्यांत त्यांनी त्या ढिगांनी शिवल्या. क्विल्टकॉनमध्ये दरवेळी स्थानिक गिल्डांसाठी दानाच्या क्विल्टचं आव्हान असतं. संस्था विषय आणि रंग ठरवून देते, प्रत्येक मंडळ मिळून एक क्विल्ट करतं. प्रदर्शन संपल्यावर ते आपल्या गावातल्या गरजू संस्थेकडे जातं. प्रदर्शनात वाहवा झालेली वस्तू नंतर कुणाच्या तरी पायांवर पडते, धुतली जाते, विरते. मला हा नियम फार आवडतो.

अनेक हातांनी मिळून शिवण्याच्या या रीतीला अमेरिकेत मोठी परंपरा आहे. एड्सने गेलेल्यांच्या नावांचं क्विल्ट सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स यांच्या पुढाकाराने सुरू झालं. तीन फूट बाय सहा फुटांचा एकेक तुकडा एकेका माणसासाठी, थडग्याच्या मापाचा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी ते वॉशिंग्टनच्या मॉलवर पहिल्यांदा अंथरलं तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते. आता जवळपास पन्नास हजार आहेत. तेव्हाचं सरकार ज्या मृत्यूंबद्दल बोलायला कचरत होतं, ते मृत्यू बायका-पुरुषांनी घरी बसून शिवले.

गिल्डच्या मर्यादाही आहेत आणि त्या झाकू नयेत. क्विल्टचं चांगलं सुती कापड महाग असतं, तीन थर शिवणारी लाँगआर्म यंत्रं त्याहून कितीतरी महाग. त्यामुळे या खोल्यांत बऱ्याचदा बेताची मिळकत असलेल्या बायका आणि कृष्णवर्णीय बायका कमी दिसतात, जरी शैलीचा मोठा वारसा त्यांच्याकडूनच आलेला असला तरी. सेरा ट्रेल यांनी उभारलेली सोशल जस्टिस सोइंग अकॅडमी तरुण मुलांकडून वर्णभेद, हिंसा, स्थलांतर अशा विषयांवर कापडी ब्लॉक करून घेते आणि देशभरचे स्वयंसेवक ते भरतकामाने पक्के करतात. गिल्डांनी या दिशेने आणखी चालायला हवं.

आपल्याकडून या खोल्यांपर्यंत गेलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. यांच्यातल्या अनेकांचे आफ्रिकी पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या गुलामीतून निसटून जंगलात आले, असं सांगितलं जातं. त्यांच्या बायका शिवतात ती कवंडी. आधी तुकडे जोडून मग थर लावायची पद्धत तिथे नाही. अस्तरावर थेट कडेपासून सुरुवात करायची, एकेक तुकडा दुमडून धावदोऱ्याने आरपार शिवत गोल गोल आत मध्याकडे जायचं, आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुला’ बसवायची. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आफ्रिकन डायस्पोरा संग्रहालयात ही क्विल्टं लागली. आज अमेरिकेतल्या मॉडर्न गिल्डांत कवंडीच्या कार्यशाळा होतात.

आपली गोधडी, आपली वाकळही त्याच गोताची. नऊवारी लुगड्यांचे थर, वर धोतरा-परकरांची ठिगळं, हातभर लांब धावदोरा. हे कसब महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. गावोगाव गोधड्या शिवणाऱ्या बायका आहेत, शहरांतून त्यांना मागणीही येते. पण गोधडी घरच्या बाळासाठी शिवली जाते किंवा पैसे घेऊन गिऱ्हाइकासाठी. गाव मिळून परक्या माणसासाठी शिवतं असं क्वचितच घडतं. पुरानंतर आपण जुने कपडे ट्रकने पाठवतो आणि त्यातले पुष्कळ वापराविना पडून राहतात.

बचत गट आहेत, भिशी मंडळं आहेत, महिला मंडळांच्या खोल्या आहेत, कपाटांत न नेसल्या जाणाऱ्या सुती साड्या आहेत. महिन्याचा एक रविवार ठरवा. पहिली गोधडी जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणीच्या खोलीसाठी शिवा. त्याआधी तिथल्या नर्सबाईंना विचारून घ्या, की माप किती हवं आणि ती कशी धुतली जाईल.