चकाकी कुठून येते?

आपण म्हणतो, दगडाला 'पॉलिश चढवलं'. खरं तर दगडावर काही चढत नाही, उतरतं.

गुजरातेतलं खंभात घ्या. तिथला अकीक भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातला, मूळचा आपल्या दख्खनच्याच लाव्हाखडकाच्या पोकळ्यांत तयार झालेला. तो उन्हात वाळवतात, मातीच्या मडक्यात मंद धगीवर भाजतात. आतल्या लोहाचं रूप बदलतं, दगड लालसर होतो. मग लोखंडी टोकावर टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके काढायचे, एमरीच्या चाकावर घासायचं, शेवटी पिंपात बारीक भुकटी नि पाणी घालून फिरवायचं. म्हणजे काय? मोठे ओरखडे लहान ओरखड्यांनी पुसायचे. ते फार बारीक झाले की प्रकाश विखुरत नाही, एका दिशेने परततो. हीच चकाकी.

आता प्रश्न असा, की जे उतरलं ते गेलं कुठे? कोरडं घासताना सिलिकाची धूळ उडते आणि कारागिराच्या फुप्फुसात बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. टाळता मात्र येतो, पाणी वापरून, धूळ ओढून घेऊन. मणी ओला घासला की कोरडा, हे नुसतं बघून कळत नाही. विचारावं लागतं.